शेजारच्या सीटचा ब्रेक

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमचे डॉक्टर म्हाताऱ्यांना आत्मविश्वास वाटतात. फुकट असतो तो, त्यामुळे गर्दी होते. व्यायामाच्या खोलीतले पलंग भिंतीला सरकवून खुर्च्या मांडतात, कोपऱ्यात चहा-बिस्किटं ठेवतात, आणि गुडघा बदलायचा की नाही या विचाराने झोप उडालेली मंडळी मुलाचा नाहीतर सुनेचा हात धरून येऊन बसतात. समोरच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'मन वाकलं नाही, तर गुडघा वाकेल.' या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. डॉक्टरांनाही लागला असेल असं वाटत नाही, पण त्यांनी ते स्वतः रचलंय, म्हणून कुणी विचारत नाही.

या वाटपातला मुख्य माल म्हणजे मी. उजवा गुडघा बदलून घेतलेली, वय झालेली, तरी तुरुतुरु चालणारी बाई. दवाखान्याच्या दारात माझा फोटो लावलाय. खोलीत एक लाकडी जिना आहे, चार पायऱ्या वर आणि चार पायऱ्या खाली, कुठेही न जाणारा. त्याच्या माथ्यावर मी दोन्ही हात हवेत धरून उभी आहे आणि खाली छापलंय, 'आमच्या स्टार आजी'. मी त्या डॉक्टरची आजी नाही. त्याच्या आजीला मी ओळखत असते, तर नातवाला जरा बोलायला शिकवा म्हणून सांगितलं असतं.

मी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. समोर खांब दिसत असताना शिकणारा ॲक्सिलरेटर दाबतो, तेव्हा तो कामाला येतो. तो दाबून दाबून माझा उजवा गुडघा झिजला असं माझं मत आहे. डॉक्टर म्हणतात, वयामुळे झिजला. त्यांनी माझे विद्यार्थी पाहिलेले नाहीत.

आत्मविश्वास हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, ती त्या विद्यार्थ्यांमुळेच. माझ्या गाडीला ज्यांनी पोचे पाडले ते एकूण एक आत्मविश्वासाने फुगलेले होते. "बाई, मला जमतं, तुम्ही नुसत्या बघा," असं म्हणून एका तालेवाराने गाडी थेट न्हाव्याच्या दुकानात घातली होती. आतल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली. उरलेली अर्धी करायला तो थांबला नाही.

तर दर महिन्याला मी उभी राहते आणि डॉक्टरांनी शिकवलेलं वाक्य म्हणते. "मी ठरवलं की चालायचं, आणि चालले." मंडळी टाळ्या वाजवतात. मग मी जिना चढून उतरून दाखवते आणि आणखी टाळ्या होतात. इतकं धादांत खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पण खरं सांगायचं तर मला त्या टाळ्या आवडतात. हरभऱ्याच्या झाडावर चढायला गुडघा लागत नाही.

आता डाव्या गुडघ्याचं सांगते. तो गेल्या वर्षीच गेला. फोटो काढला तेव्हाच कुरकुरत होता, आता तर उघड उघड दुखतो. डावा पाय म्हणजे क्लच. माझी गाडी जुन्या पद्धतीची आहे, क्लच दाबल्याशिवाय जागची हलत नाही. एके सकाळी फाटकातून बाहेर काढताना मी क्लच दाबला, आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की पाय आपोआप सुटला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. माझ्या गाडीने, माझ्या पायाखाली! शिकाऊ पोरांसारखी! मी गाडी ढकलत आत घेतली, वर आच्छादन घातलं आणि मुलाला सांगितलं की बॅटरी उतरलीय.

मुलगा भोळा आहे. त्याने नवी बॅटरी आणली. मग मी म्हटलं, टायर बसलेत. त्याने हवा भरून आणली. मग मी म्हटलं, हल्ली रस्त्यावर कुणाला शिस्त राहिलेली नाही, बाहेर पडावंसंच वाटत नाही. त्यावर तो म्हणाला, "आई, मग काढून टाकूया ना गाडी. उगाच जागा अडवते. तुला कुठे जायचं असेल तर मी सोडेन." इतकं प्रेमाने म्हणाला की माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आज गाडी जाईल, उद्या मी खिडकीत बसून, कुणी सोडायला येतं का म्हणून वाट बघेन. मी त्याला म्हटलं, महिनाभर थांब.

उपाय मला माहीत होता. डावाही बदलून घ्यायचा. आणि त्याच्या नुसत्या विचाराने माझी पाचावर धारण बसत होती. स्टार आजींची.

त्या शनिवारी नेहमीचेच नमुने जमले होते. एक निवृत्त अधिकारी, जो स्वतःच्या गुडघ्याबद्दलही हाताखालच्या कारकुनाबद्दल बोलावं तसा बोलत होता. "गेली तीस वर्षं याने तक्रार केली नाही, आता अचानक!" एक बाई, जिला लेकीने ओढत आणलं होतं आणि जी माझा दुखत नाही, माझा दुखत नाही म्हणत दोन्ही हातांनी गुडघा चोळत होती. आणि शेवटच्या रांगेत, दाराला चिकटून, पर्स पोटाशी धरून बसलेली एक हडकुळी बाई. तिला मी लगेच ओळखलं. असं पर्स धरून जगात एकच बाई बसते.

ती माझी विद्यार्थिनी. मी तिला भागूबाई म्हणायची, भित्री भागूबाईमधली. ग्रंथालयात काम करायची आणि गाडीतही ग्रंथालयातल्यासारखंच कुजबुजायची. समोरून सायकल आली तरी हिची बोबडी वळायची. आणि एक अशी खोड होती की माझा जीव मेटाकुटीला यायचा. ही रस्त्याकडे बघायचीच नाही. दर दोन मिनिटांनी मान वळवून माझ्या पायाकडे बघायची, माझा पाय त्या जादा ब्रेकवर आहे की नाही ते. "अगं, रस्ता समोर आहे! माझ्या पायाकडे काय बघतेस?" हे वाक्य मी तिला इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या थडग्यावर तेच कोरायला हरकत नाही. तिला लायसन्स मिळालं, कारण परीक्षा घेणारी मी नव्हते.

डॉक्टर आले. पांढरेशुभ्र बूट, दोन्ही हात पसरलेले, जणू सगळ्यांना मिठीच मारणार. "काय मंडळी, घाबरलात? घाबरायचं काय त्यात! ऑपरेशन मी करतो. उरलेलं काम तुमच्या मनाचं!" नेहमीचं सगळं झालं. मग व्यायाम शिकवणारी मुलगी पुढे आली. पोरगी बरी आहे, कामापुरतं बोलते. ती म्हणाली, "जिन्याचा एकच नियम लक्षात ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आता मावशी करून दाखवतील."

मी उठले, माझं वाक्य म्हटलं, टाळ्या घेतल्या आणि जिन्याशी गेले. वर गेले. माथ्यावर फोटोतल्यासारखे हात पसरले. उतरताना कठड्याला नुसता ओझरता हात लागला असेल नसेल. खाली आले. टाळ्या.

टाळ्या थांबल्यावर शेवटच्या रांगेतून कुजबुज आली. "बाई, तुमचा कुठला गुडघा बदललाय?"

"उजवा," मी म्हटलं.

"पण चढताना तर तुम्ही उजवाच आधी टाकलात."

भागूबाई माझ्या पायाकडे बघत होती. इतक्या वर्षांनी, पुन्हा माझ्या पायाकडेच.

डॉक्टर मात्र खूश झाले. "वा! काय निरीक्षण आहे!" त्यांनी टाळी वाजवली. "बघा मंडळी, नियम काय? चांगला पाय आधी. म्हणजे ऑपरेशनचा पाय हाच आता आजींचा चांगला पाय झालाय! याला म्हणतात आत्मविश्वास!" आणि सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. निवृत्त अधिकाऱ्याने तर उभं राहून वाजवल्या, आणि मग गुडघा धरून पटकन खाली बसला.

माणूस मूर्ख असावा, पण किती? उजवा चांगला झाला असेल तर दुखरा कुठला, हा प्रश्न त्या भरल्या खोलीत एकालाही पडला नाही. डॉक्टरला नाही, पोराबाळांना नाही. व्यायामाच्या मुलीला पडला असावा, कारण तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहाची किटली उचलली. मी वाचले होते. आणि ज्याने वाचवलं त्याचा मला इतका तिटकारा आला, की त्याने पुढे केलेलं बिस्किट मी घेतलं नाही.

भागूबाई चहाचा कप धरून माझ्याजवळ आली.

"उतरताना डावा आधी टाकलात," ती म्हणाली. "आणि कठडा धरलात."

"तुझी खोड अजून गेली नाही का गं?"

"नाही, बाई." कधीतरी ती माझ्याशी उलटून बोलेल या आशेवर मी तिला महिनोन्महिने घालून पाडून बोलले होते. व्यर्थ. "डावा दुखतो ना? मग तो का नाही करून घेतलात? तुम्ही तर ठरवलं की झालं."

तोंडावर काहीतरी सणसणीत फेकावं म्हणून मी शोधू लागले. एरवी मला शोधावं लागत नाही.

"मी आज नाही म्हणून सांगायला आलेय," ती पुढे म्हणाली. "माझं पुढच्या आठवड्यात ठरलंय. पण मला नाही जमणार. ते सगळे म्हणतात मनात विश्वास पाहिजे. मी खूप शोधला, बाई. माझ्यात नाहीच तो."

कुणी इतक्या शरमेने चोरीचीही कबुली देत नसेल. आणि मला संताप आला. तिचा नाही. त्या निळ्या अक्षरांचा, पांढऱ्या बुटांचा, माझ्या त्या दारातल्या फोटोचा. या घाबरट बाईला तिच्या गुडघ्याचं दुखणं पुरेसं नव्हतं म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तिला ही आणखी एक कमतरता चिकटवली होती, आणि तिने मुकाट्याने ती घरी नेली होती.

"माझ्यातही नाही," मी म्हटलं. "मी खोटं बोलते. दर महिन्याला."

ती बघत राहिली. या वेळी चेहऱ्याकडे.

"काय ठरवलं होतं मी? काही ठरवलं नव्हतं. ती पोरगी पाय वाकवायला आली की मी ओरडायची. शिव्या द्यायची, आणि माझ्या शिव्या कशा असतात ते तुला माहीत आहे. एकदा म्हटलं, कापून टाका पाय, मला नको. भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखी रडले. कितीतरी दिवस वाटत होतं की आपण फसलो. मग हळूहळू वाकला. माझ्यामुळे नाही, त्या पोरीने रोज वाकवला म्हणून. आता डावा दुखतो, गाडी फाटकातून निघत नाही, मुलगा ती काढून टाकायला बसलाय, आणि मी भीतीने गप्प आहे. झालं समाधान?"

"तेव्हा तुमच्या शेजारी कोण होतं?"

"कोण असणार? मुलगा थांबतो म्हणाला होता. मी त्याला घालवून दिलं. रडताना कुणी बघायला नको होतं मला."

भागूबाईने कप खाली ठेवला. "बाई, तुम्ही मला शिकवताना पाय सतत त्या ब्रेकवर ठेवायचात. एक दिवस काढला नाहीत."

"काढला असता तर आपण दोघी आज इथे नसतो."

"तेच म्हणते. मला स्वतःचा भरवसा कधीच नव्हता. तुमच्या पायाचा होता. तो तिथे आहे ना, एवढं बघून घ्यायचे आणि पुढे चालवायचे." ती थांबली, आणि मग जन्मात पहिल्यांदा तिने मला काहीतरी सांगितलं, विचारलं नाही. "तुम्ही माझ्या शेजारी बसा. मग मी करून घेते. आणि मग तुमच्या वेळी मी बसेन."

ही! जी सायकलला घाबरते, ती मला सांभाळणार! मला हसूच आलं. पण नाही म्हणायच्या ऐवजी मी होकाराची मान हलवली.

तिने मला घरी सोडलं. हो, ती गाडी चालवते. इतकी वर्षं चालवतेय, आणि एक ओरखडा नाही. क्लच नसलेली गाडी आहे तिची, तिला मी गाडी म्हणत नाही, पाळणा म्हणते. बैलगाडीने हॉर्न द्यावा अशा वेगाने आम्ही निघालो. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत होता, आणि तिचं लक्ष होतं.

"रस्त्याकडे बघ," मी म्हटलं.

तिचं ऑपरेशन झालं. मी रोज जाऊन शेजारच्या खुर्चीत बसले. ती ओरडत नाही, नुसती पांढरी पडते आणि कुजबुजते, "बाई, आहात ना?" मी म्हणायची, "नाही, सिनेमाला गेलेय." मुलगी पाय वाकवायची, भागूबाई माझ्या पायाकडे बघायची, आणि मी निमूटपणे तो फरशीवर दाबून धरायची. काय मूर्खपणा! दोन म्हाताऱ्या, आणि मध्ये नसलेला ब्रेक. पण तिचा गुडघा वाकू लागला. काठी घेऊन ती चालू लागली, हळू, गाडी चालवते तशीच.

मग मी मुलाला घेऊन बसले आणि खरं सांगितलं. बॅटरीचं, टायरचं, सगळं. तो रागावला नाही, हे मला जास्त लागलं. गाडीचं बोलायचं त्याने सोडून दिलं.

पुढच्या पहिल्या शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आता डावाही करणार! सांगा मंडळींना, कसं वाटतंय?" मी सांगितलं, "भयंकर भीती वाटतेय. पहिल्या वेळी मी रडले होते, या वेळीही रडेन. ज्यांना करून घ्यायचंय त्यांनी शेजारी बसायला कुणीतरी पक्कं करा, मन वगैरे नंतर बघू." टाळ्या झाल्या नाहीत. डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती दुखत नाही म्हणणारी बाई मात्र गुडघा चोळायची थांबली आणि लेकीला म्हणाली, "तू थांबशील ना गं?" दारातला माझा फोटो त्याच आठवड्यात निघाला. तिथे आता तो निवृत्त अधिकारी आहे, हात हवेत. उतरताना त्याचं काय झालं ते फोटोत नाही.

आणि आज माझ्या डाव्या पायाचा पहिला व्यायाम. त्या पोरीने पायाखाली हात घातला आणि म्हणाली, "मावशी, आता वाकवते हं." मी तिला आधीच दोन शिव्या देऊन ठेवल्या. मुलगा दारात उभा होता, त्याला मी या वेळी घालवलं नाही. खुर्चीत भागूबाई बसली होती, पर्स पोटाशी, काठी भिंतीला टेकवलेली. तिचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला होता. हिच्या भरवशावर मी हे करून घेतलं. या घाबरगुंडीच्या!

पाय वाकू लागला. सगळं तेच, आठवत होतं त्याहून वाईट. मी ओरडले. आणि ओरडता ओरडता माझी मान आपोआप वळली, खाली, खुर्चीकडे. तिचा पाय कुठे आहे ते मला बघायचं होतं.

तो नवा गुडघा तिला अजून नीट साथ देत नाही. तरी तिने तो पाय पुढे टाकून फरशीवर दाबून धरला होता, इतक्या जोराने की तिचे ओठ थरथरत होते.

"बाई," ती कुजबुजली, "माझ्या पायाकडे काय बघता? समोर बघा."